‘कोसला’वर बोलण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वाचनकट्ट्यावर भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’ या कादंबरीवर बोलायचं कबूल करून बसलीस आणि पुस्तक निम्म्यावर अडकलंय. त्यात प्रत्येकजण आपलं मत तुझ्या गळ्यात मारतोय. कट्ट्यावरचा तो दादा म्हणतो, ज्याला ‘कोसला’ आवडत नाही त्याला कादंबरी कळतच नाही. मामांच्या मते ती बापाच्या पैशावर उनाडक्या करणाऱ्या पोराची रडकथा. आता मी कोणाच्या बाजूची, असं तू विचारतेस. सांगते, पण पुस्तक पूर्ण केल्याशिवाय बोलायला उभी राहू नकोस.

हा वाद तुमच्या कट्ट्यावर सुरू झालेला नाही. 1963 साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने ही कादंबरी काढली. तेव्हा नेमाडे पंचविशीत होते आणि त्यांचा नायक पांडुरंग सांगवीकरही पंचविशीतलाच. तेव्हापासून वाचक भांडतायत. बाबा भांड यांनी ‘कोसलाबद्दल’ नावाचं एक अख्खं पुस्तक संपादित केलं, एवढं तिच्यावर लिहिलं गेलं. नेमाड्यांना 2014 चं ज्ञानपीठ मिळालं, पण म्हणून तुला आलेला कंटाळा खोटा ठरत नाही. तो कुठे आला, ते मात्र तुला सांगता आलं पाहिजे. माझं एवढंच म्हणणं आहे: मत मांडशील तेव्हा पान उघडून दाखव.

माझा अंदाज, पांडुरंग पुण्यात कॉलेजला असतो त्या होस्टेलच्या भागात तू अडकलीस. मेसचा कारभार, गॅदरिंग, मंडळं, चहापाणी, उधाऱ्या. तिथे पुष्कळ जण अडकतात. दिवस फुकट चाललेत हे पांडुरंगाबरोबर वाचकालाही सोसावं लागतं, अशीच त्या भागाची बांधणी आहे. मला ती पटते, तरी काही ठिकाणी लांबलेली वाटते. तुला सगळीच लांबलेली वाटली, तर तसं म्हण. फक्त एक प्रसंग निवड आणि तो कुठे संपायला हवा होता ते दाखव.

मामांचं मत झटकून टाकू नकोस. पांडुरंगाचा बाप खानदेशातला खाऊनपिऊन सुखी शेतकरी आहे, घरून पैसे येतात आणि पोरगा ते उडवतो, हे खरंच आहे. त्यात तुझ्यासारख्या मुलीने आणखी एक प्रश्न घालायला हवा. त्या काळात पांडुरंगाच्या गावच्या, सांगवीच्या, एखाद्या मुलीला पुण्याला जाऊन अशी वर्षं वाया घालवता आली असती का? या कादंबरीतल्या बायका बहुतेक घरातच आहेत आणि त्या आपल्याला दिसतात त्या पांडुरंगाच्या नजरेतून. हे तू बोललीस तर काहीजणांना झोंबेल. झोंबू दे.

पण मामा मनीपाशी थांबलेले दिसत नाहीत. मनी म्हणजे पांडुरंगाची धाकटी बहीण. ती देवीच्या रोगाने मरते. 1977 साली भारत देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं, त्यामुळे तुमच्या पिढीला हा रोग नुसता नावाने माहीत. त्या आधी मात्र घरोघरी त्याची धास्ती होती, हे मनात ठेवून ती पानं वाच. तोवर प्रत्येक गोष्टीची टवाळी करणारा हा पोरगा तिथे उघडा पडतो. बोलण्याची सगळी ऐट गळून जाते, वाक्यं तुटायला लागतात. पुढे अजिंठ्याच्या लेण्यांत तेच दुःख पुन्हा वर येतं. मराठी गद्यात भावंडाच्या मरणाबद्दल याच्या तोडीचं फार थोडं लिहिलं गेलंय, असं मला मनापासून वाटतं. ही पानं वाचल्यावर ‘रडकथा’ हा शब्द माझ्या तोंडून निघू शकत नाही.

दादाचं मत मला जास्त खटकतं. पांडुरंगाला हीरो करून त्याच्यासारखं ‘वगैरे’, ‘उदाहरणार्थ’ बोलत फिरणारी मुलं मी खूप पाहिली. त्यांना अर्पणपत्रिका वाचायला सांग. ‘शंभरातील नव्व्याण्णवांस’ अर्पण केलेलं पुस्तक उरलेल्या एकाची मिजास मिरवायला कसं वापरायचं? शिवाय पांडुरंग जिंकत नाही. कर्ज, अपयश घेऊन तो गावी परततो आणि रिकामपणात दिवस काढतो. त्याच्या हाती काय लागलं, यावर वाद घाल, पण तो पराभव पुसून टाकू नकोस.

कोणीतरी सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’चं नाव काढेलच. ती 1951 ची. तुलना करायची तर ती वाचून कर. तिचा नायक होल्डन न्यूयॉर्कमध्ये भटकतो ते मोजके दिवस, पांडुरंगाची अख्खी वर्षं जातात. पण होल्डनचाही धाकटा भाऊ, ॲली, ल्युकेमियाने गेलेला आहे. दोन्ही पोरांच्या चिडचिडीखाली मेलेलं भावंड आहे. ‘अस्तित्ववाद’ असं नुसतं म्हणून पुढे जाण्यापेक्षा हे धरून बोलणं मोलाचं.

तर मी पुस्तकाच्या बाजूची आहे, त्याच्या भक्तांच्या नाही. तुला पटलंच पाहिजे असं नाही.

आता कामाचं. हाताशी पेन्सिल ठेव आणि जिथे राग येईल, कंटाळा येईल, हसू येईल तिथे समासात खूण कर. दुसऱ्यांची मतं त्यानंतर वाच. बोलायला वीस मिनिटं आहेत म्हणालीस, त्यातली पाच मनीच्या पानांच्या वाचनाला दे आणि वाचताना घाई करू नकोस. मसुदा पाठवलास तर त्याच आठवड्यात वाचून कळवीन.

तुझ्या,
बाई