बोस्नियन शिकताना विभक्तीला घाबरू नका

इंग्रजी पुस्तकांतून बोस्नियन शिकायला सुरुवात करणाऱ्यांनी पहिला आठवडा केवळ उच्चारांना द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. तीस अक्षरांची ही लिपी जशी लिहिली जाते तशीच वाचली जाते. रोमनमधील सी हे अक्षर नेहमी आपल्या 'चमचा' या शब्दातील च सारखे उच्चारावे, 'क' असे कधीही नाही. त्याच अक्षरावर चिन्हे देऊन लिहिलेल्या दोन निराळ्या 'च'मधील फरक अनेक बोस्नियन लोकही बोलताना पाळत नाहीत, म्हणून तिथे अडून बसू नका. लिहिताना मात्र तो पाळा.

खरे परिश्रम विभक्तींसाठी राखून ठेवा. इंग्रजीची सवय असलेला विद्यार्थी सात विभक्तींचे तक्ते पाठ करतो आणि बोलताना गोंधळतो, म्हणून आधी कर्माची विभक्ती वाक्यांतूनच आत्मसात करा: 'वोदा' म्हणजे पाणी, पण 'मी पाणी पितो' म्हणताना 'पियेम वोदू'. त्यानंतर 'इदेम उ सारायेवो', म्हणजे सारायेवोला जातो, आणि 'झिविम उ सारायेवु', म्हणजे सारायेवोत राहतो, हा भेद घ्या. शब्दयोगी अव्यय तेच राहते, बदलते ते नाम. मराठी जाणणाऱ्यास विभक्ती आणि तीन लिंगे परकी नाहीत, हा मोठाच आधार आहे. तुर्कीमार्गे आलेला दुकानासाठीचा 'दुचान' हा शब्दही ओळखीचा वाटेल. अनोळखी व्यक्तीशी बोलताना बोस्नियनमधील 'ती' (म्हणजे 'तू') नव्हे, आदरार्थी 'वी' (म्हणजे 'तुम्ही') हेच सर्वनाम वापरा.