पोपट घरात मोकळा सोडताना

कुरतडणं ही पोपटाची खोड नाही, गरज आहे. ती मोडू नका, वळवा. सुरुवातीला एकच खोली, 20-30 मिनिटं, तीही तुम्ही समोर असताना. पंखा बंद, खिडक्यांना धातूची जाळी.

खरा धोका वायरींचा. मऊ आवरण तो शेंगेसारखं सोलतो, म्हणून वायरी कडक पीव्हीसी पाइपातून न्या, बाकीचे प्लग काढून ठेवा. पडद्याच्या शिवणीत शिशाची वजनं असतील तर उसवून काढा, पोटात गेली की विषबाधा होते. नॉनस्टिक भांडी तर घरातच नकोत. जास्त तापली की त्यांच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावतो.

दाराची कड कुरतडायला लागला तर ओरडू नका, त्याला तो खेळच वाटतो. बिनरंगी मऊ लाकूड किंवा साधा पुठ्ठा तिथेच टांगा.