सही मागण्याआधी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा ई-मेल दोनदा वाचला. त्यातल्या मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, लग्न झालं की शिकत असतानाही, पुण्यातल्या तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला अमेरिकेत कायमचं नेण्यासाठी स्पॉन्सर करता येतं. तू जन्माने अमेरिकन नागरिक आहेस, अठरा वर्षं कधीच पूर्ण झाली आहेत आणि राहतेस तिकडेच. विद्यार्थी असणं अर्जाच्या आड येत नाही. तुझी रूममेट 'स्टुडंटला हे जमतच नाही' म्हणाली ते तिच्यापुरतं बरोबर आहे, कारण ती स्वतः एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहे. तिला फार तर नवऱ्याला एफ-२, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर सोबत नेता येईल, आणि तिथे त्याला नोकरी करायची परवानगी नसेल. तुझं तसं नाही. तू नुसती ग्रीन कार्डधारक असतीस तरी नवऱ्यासाठी दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनकडे, म्हणजे रांगेत कोणाचा नंबर आला ते सांगणाऱ्या सरकारी पत्रकाकडे, डोळे लावून बसावं लागलं असतं. नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक कोटा लागू नाही. वेळ जातो तो कागद फिरण्यात.

तुझं घोडं अडलंय पैशावर, आणि तिथे तू उगाच घाबरली आहेस. क्रम नीट समजून घे. लग्न झालं की आधी आय-१३० हा नात्याचा अर्ज भरायचा. त्यात हे लग्न खरं आहे आणि तू नागरिक आहेस एवढंच सिद्ध करायचं असतं. तुझी कमाई कोणी विचारत नाही. तो मंजूर व्हायला बरेच महिने लागतात. मग प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटर या अमेरिकी सरकारी कार्यालयाकडे जातं आणि तिथे आय-८६४, म्हणजे नवऱ्याच्या खर्चाची हमी देणारा फॉर्म, मागतात. कमाईचा प्रश्न खरा तिथे येतो, आणि तेव्हा बघतात ती तुझी त्या वेळची चालू कमाई. तुझी तीन सेमिस्टर उरली आहेत. पुढच्या उन्हाळ्यात लग्न करून लगेच अर्ज टाकलास, तर आय-८६४ भरायची वेळ येईपर्यंत तू पदवीधर झालेली असशील, आणि नशीब बरं असेल तर हातात पगाराच्या स्लिपाही असतील.

आकडा काय लागतो? दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के. दोघांच्या कुटुंबासाठी २०२५ चा आकडा वर्षाला २६,४३७ डॉलर होता. तो दर वर्षी बदलतो, त्यामुळे भरण्याच्या दिवशी नवा बघायचा. कॅम्पसवरच्या वीस तासांच्या कामातून एवढं होणार नाही, पण पदवीनंतरच्या साध्या पूर्णवेळ नोकरीत होईल. शैक्षणिक कर्ज कमाईत धरत नाहीत. आणि गेल्या वर्षी कमी कमाई होती म्हणून तू टॅक्स रिटर्न भरलाच नाहीस असं लिहिलं आहेस. यंदा भर. सक्ती नसली तरी भर. पुढे त्याचीच प्रत मागतात, आणि नसेल तर का नाही याचा खुलासा जोडत बसावं लागतं.

आता हमीदार म्हणून सही द्यायला तयार असलेल्या, अमेरिकेतल्या एडिसनच्या मामाबद्दल. 'सहीच तर करायची आहे, त्यात काय, करतो की' असं तो म्हणाला. मामा मोठ्या मनाचा आहे यात शंका नाही. पण तो ज्यावर सही करणार तो कागद त्याने वाचलेला नाही, आणि तूही वाचलेला दिसत नाहीस.

तुझी कमाई कमी पडली तर जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे तुझ्या जोडीला दुसरा हमीदार, घेता येतो. तो अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवा आणि अमेरिकेतच राहणारा हवा. म्हणून तुझ्या आईबाबांची सही, त्यांनी आनंदाने दिली तरी, उपयोगाची नाही. ते औंधात राहतात आणि दोघांकडेही भारतीय पासपोर्ट आहे. मामाच्या घरात चार माणसं. त्यात तुझा नवरा धरायचा, म्हणजे पाच जणांच्या हिशेबाने २०२५ च्या तक्त्यात ४७,०६२ डॉलर. मामाला ते जड नाही. अडचण वेगळीच आहे.

ती सही म्हणजे सरकारशी केलेला करार असतो. तुझ्या नवऱ्याने गरजूंसाठीची सरकारी मदत घेतली तर सरकार ते पैसे मामाकडून मागू शकतं. एवढंच नाही, तुझा नवरा स्वतः कोर्टात जाऊन त्या १२५ टक्क्यांपर्यंतचा खर्च मामाकडून वसूल करू शकतो. ही जबाबदारी संपते ती तो नागरिक झाला तर, कामाच्या चाळीस तिमाही त्याच्या नावावर जमल्या तर (म्हणजे ढोबळमानाने दहा वर्षं), तो कायमचा देश सोडून गेला तर, किंवा वारला तर. घटस्फोटाने ती संपत नाही. तुमचं फाटलं, तू दुसऱ्या राज्यात निघून गेलीस, तरी मामा बांधलेलाच. घर बदललं तर तीस दिवसांत कळवायचं बंधनही त्याच्यावरच. व्हिसा मिळण्याआधी सही मागे घेता येते, नंतर नाही. आणि मामाने सही केली म्हणून तू सुटत नाहीस. तुझी कमाई शून्य असली तरी तुझा स्वतंत्र आय-८६४ लागतोच.

मामा सही करायला तयार आहे म्हणून ती लगेच घेऊन टाकावी, असं मला वाटत नाही. आधी तुझी स्वतःची कमाई उभी राहते का ते बघ. राहिली नाही, तर मामाला आणि मामीला, दोघांनाही, समोर बसवून हे सगळं सांग. मामीला वगळू नकोस. पैसा त्या घरातला आहे, आणि पुढे तिला आपसूक कळलं तर तुझ्या नवऱ्याला त्या घरात पाय ठेवणं अवघड होईल. एवढं ऐकूनही ती दोघं हो म्हणाली, तर खुशाल घे.

डिसेंबरमध्ये गुपचूप येऊन कोर्ट मॅरेज करायचा तुझा बेत मला दोन कारणांनी पटत नाही. पहिलं कारण कॅलेंडर. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात आधी नोटीस द्यावी लागते, त्यानंतर तीस दिवस थांबावं लागतं, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. तो पुण्यातच राहत असल्याने जिल्ह्यातल्या तीस दिवसांच्या वास्तव्याची अट सुटते, पण नोटिशीचे दिवस कोणाला चुकत नाहीत. तुझी सुट्टी डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. विमान, जेट लॅग, मध्ये नाताळ आणि शनिवार-रविवार. दोन दिवस इकडेतिकडे झाले की सेमिस्टर बुडालं. मे महिन्यात आलीस तर हातात तीन महिने असतात. दुसरा रस्ता म्हणजे घरच्या घरी विधिवत लग्न लावून महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात नोंदणी करायची. १९९८ च्या राज्याच्या कायद्याखाली ती होते आणि ते प्रमाणपत्र चालतं. मंगल कार्यालय आणि तीनशे पानांची पंगत नको, पण गुरुजी आणि दोन्हीकडची माणसं तरी असू देत.

दुसरं कारण ती माणसंच. मुलाखतीत लग्नाला कोण कोण होतं हा प्रश्न साधा असतो. 'माझ्याकडचं कोणीच नव्हतं, त्यांना माहीत नाही' हे उत्तर चुकीचं नाही, पण त्यामागून आणखी दहा प्रश्न येतात. व्हिसाचं बाजूला ठेवलं तरी मला ते खटकतं. त्याची आई साक्षीदार म्हणून सही करणार आणि तुझ्या आईला व्हॉट्सॲपच्या फोटोवरून कळणार? बाबा 'आधी डिग्री' म्हणताहेत. वर सांगितलेल्या वेळापत्रकात लग्न आधी झालं तरी नवरा तिकडे येण्याआधी डिग्री होते आहे, हे त्यांना कागदावर मांडून दाखव. बाबा इंजिनीअर आहेत, त्यांना तक्ता दिला की निम्मा राग तिथेच उतरतो. तू मला लिहिलंस हे मी आईला सांगणार नाही. पण तिने थेट विचारलं तर खोटंही बोलणार नाही.

आडवाटांबद्दल थोडक्यात. डेक्कनवरच्या त्या एजंटाने 'टुरिस्ट व्हिसावर पाठवा, पुढचं तिकडे बघू' असा सल्ला दिला. त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. तिथेच राहायचं मनात ठेवून अधिकाऱ्याला 'फिरायला चाललोय' सांगणं म्हणजे खोटं बोलणं, आणि तो ठपका बसला तर कायमची प्रवेशबंदी होऊ शकते. होणाऱ्या नवऱ्याने मास्टर्सला प्रवेश घेऊन एफ-१ वर यायचं, हा तुझा विचार प्रामाणिक आहे, पण आय-१३० भरल्यानंतर तो अवघड होतो. डीएस-१६० या व्हिसाच्या फॉर्ममध्ये तुमच्यासाठी कोणी स्थलांतराचा अर्ज केला आहे का असं सरळ विचारतात, आणि 'शिकून परत येईन' यावर मग कोण विश्वास ठेवणार? के-१, म्हणजे वाग्दत्त जोडीदाराचा व्हिसा, तुम्हाला मिळू शकतो. तिकडे पोचल्यावर नव्वद दिवसांत लग्न करावं लागतं. पण त्यानंतर पुन्हा वेगळा अर्ज, वेगळी फी, आणि कामाची परवानगी येईपर्यंत तो घरी बसून. लग्न करून स्थलांतराच्या व्हिसावर गेला तर उतरल्या दिवसापासून काम करता येतं. मी लग्न करून जाण्याचाच रस्ता सुचवेन.

पण काम कोणतं? तुझ्या तीन पानी पत्रात त्याच्या कामाबद्दल एकच ओळ आहे. तो फिजिओथेरपिस्ट आहे, कर्वे रस्त्यावर त्याचे पेशंट आहेत, लोक त्याचं नाव घेऊन येतात. अमेरिकेत ग्रीन कार्डाने त्याला काम करता येईल, फिजिओथेरपी नाही. त्यासाठी इथल्या पदवीचं मूल्यमापन, मग एनपीटीई ही परीक्षा, मग ज्या राज्यात राहणार तिथला परवाना. मूल्यमापनात विषय कमी पडले तर ते भरून काढायचे. तोपर्यंत हा माणूस तुझ्या गावात, गाडीच्या लायसन्सशिवाय, मित्रांशिवाय, तुझ्या कमाईवर. तुझं शिक्षण लांबलंच, तर डॉर्ममध्ये नवऱ्याला सहसा ठेवता येत नाही, आणि विद्यापीठाच्या विम्यात जोडीदार आपोआप येत नाही. घेतात तिथेही हप्ता वेगळा आणि जबर. म्हणून वाट पाहण्याचं ते वर्ष वाया गेलं असं समजू नका. मूल्यमापनाचे कागद त्याने आत्तापासून पाठवायला घ्यावेत आणि परीक्षेचा अभ्यास इथेच, कमावता कमावता करावा. चिंचवडला त्याची आई एकटी आहे, तिचं काय, हेही याच वर्षात बोलून घ्या. ते तू ठरवायचं नाहीस, त्याला ठरवू दे.

त्यालाही एक गोष्ट आधी माहीत हवी. प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळतं. ते संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे ती अट काढून घेण्याचा अर्ज, भरायचा. दुर्दैवाने लग्न मोडलं, किंवा छळ झाला, तर त्याला एकट्यालाही सूट मागून तो भरता येतो. हे त्याला तूच सांग. ज्याला स्पॉन्सर केलंय त्याने आयुष्यभर मिंधं राहावं असा कायदा नाही. आणि नातेवाइकांपैकी कोणी 'बायकोच्या व्हिसावर गेला' म्हणून हसलं तर हसू दे. मुली वर्षानुवर्षं तशाच जात आल्या, तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

तुझ्याकडून आणखी एक लागेल. तू पुण्यात वाढलीस, त्यामुळे अमेरिकेत तुझं कायमचं बस्तान आहे का, हे अधिकारी विचारू शकतात. भाडेकरार, तिथलं लायसन्स, बँक खातं, मतदार नोंदणी हे सगळं तुझ्या नावावर असू दे. लग्नानंतर फॅफ्सात, म्हणजे शिक्षणासाठीच्या सरकारी मदतीच्या अर्जात, तू स्वतंत्र विद्यार्थिनी ठरतेस, आईबाबांची कमाई धरत नाहीत. कॉलेजच्या मदत कार्यालयात जाऊन शेवटच्या वर्षाचा हिशेब नव्याने करून घे. अर्जाचा खर्चही लिहून ठेव. २०२४ च्या बदलानंतर ऑनलाइन आय-१३० ची फी ६२५ डॉलर, व्हिसा सेंटरकडे ३२५ आणि १२०, शेवटी ग्रीन कार्डासाठी २३५. म्हणजे १,३०५, शिवाय त्याची वैद्यकीय तपासणी. भरताना आकडे आणि फॉर्मची आवृत्ती पुन्हा तपास. नात्याचे पुरावे म्हणून चॅटची पाचशे पानं छापू नकोस. दर काही महिन्यांचं थोडं थोडं, प्रवासाची तिकिटं आणि दोन्ही घरच्यांबरोबरचे फोटो पुरतात.

त्याच्या कागदांचं काम मात्र याच आठवड्यात सुरू व्हायला हवं. जन्मदाखला आधी. आपल्याकडे बारशाआधीच नोंद होते, त्यामुळे कितीतरी दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं. त्याच्या दाखल्यावर नसेल तर पिंपरी-चिंचवड महापालिकेत जाऊन विचारायला लाव; नाव नंतर घालण्यालाही मुदतीचे नियम आहेत. शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट आणि जन्मदाखला या तिन्हींवर वडिलांचं नाव आणि आडनावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते जुळवून बघा. पोलिस क्लिअरन्स मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळेल, पण तो मुलाखत जवळ आल्यावर काढायचा. तो दीड वर्ष दुबईत होता ना? मग तिथलाही लागेल, आणि त्याला वेळ लागतो. मुलाखत मुंबईला, बीकेसीत.

तिन्ही कागदांचे स्कॅन त्याने मला थेट पाठवू देत, तुझ्यामार्फत नको. कागद त्याचे आहेत, चुका त्यालाच दिसल्या पाहिजेत. रविवारी सकाळी तो कोथरूडला येऊ शकला तर आणखी बरं. पोहे करीन, आणि एनपीटीईचं त्याच्याशीच बोलीन.

तुझी,
मावशी