कॉटखाली सरकवलेलं सूप

निपाणीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी सायन्सला होती, दुसऱ्या पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीला, ८१ टक्के, नीटला ७२० पैकी २९१. तिला लघुपट करायला शिकायचंय, ‘पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला घाला’ म्हणते. वडिलांनी नीट पुन्हा देण्यासाठी लातूरच्या रिपीट बॅचला ४० हजार रुपये आगाऊ भरलेत आणि तिचा फोन काढून घेतलाय. कारण तिने फोनवर केलेला सात मिनिटांचा लघुपट. घरी विड्या वळणाऱ्या आजीवरचा. तो तिने गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि, वडिलांच्या शब्दांत, ‘चार लोकांत मान खाली गेली’. लघुपट पत्रासोबत जोडलाय. ‘तुम्हीच बघा आणि तिला समजावा’ म्हणतात.

नमस्कार.

बघितला. तीनदा बघितला. समजावायचं आहे ते तुम्हाला, म्हणून हे उत्तर तिच्या नावाने न लिहिता तुमच्या नावाने लिहितोय.

तुमच्या पत्रात लेकीच्या मार्कांवर दोन ओळी आहेत आणि आईच्या विड्यांवर जवळजवळ एक पान. घर दोन मजली बांधलं, तुम्हाला कायमची नोकरी आहे, आईला काही कमी नाही, तरी ती दुपारी विड्या वळायचं सूप घेऊन बसतेच. आणि आता ते सगळ्या गल्लीने पाहिलं. ‘शेवटी माझ्या गाडीचा आवाजसुद्धा घेतलाय’, असंही तुम्ही लिहिलंय. मला वाटतं तुम्हाला लागलं ते तिथेच.

मी काय पाहिलं ते सांगतो. पडदा काळा असतानाच कात्रीचा आवाज सुरू होतो. मग भिजवलेलं पान दिसतं, त्यावर पत्र्याचा फर्मा, फर्म्याच्या कडेने फिरणारी कात्री. चिमूटभर तंबाखू, अंगठ्याखाली एक गिरकी, सुताचे वेढे, नखाने मिटवलेलं तोंड. आई बोलतात फार थोडं. एकदाच म्हणतात, ‘ह्या हातानं फी भरली त्याची.’ शेवटच्या मिनिटात बाहेर मोटारसायकल थांबते. हात थबकतात, सूप कॉटखाली सरकतं, आई पदराला बोटं पुसतात. चेहरा दिसत नाही. लघुपट संपतो.

तुमच्या आई तुमची चाहूल लागली की सूप लपवतात. हे तुम्हाला आधी ठाऊक होतं की लघुपटातच कळलं, मला माहीत नाही. पण त्याची शिक्षा अठरा वर्षांच्या मुलीला देऊ नका. लातूरचे पैसे तुम्ही तिला डॉक्टर करायला भरलेत असं मला वाटत नाही. वर्षभर ती घराबाहेर आणि फोनपासून लांब राहावी म्हणून भरलेत. पत्रात ‘तिला एमबीबीएसची आवड आहे’ असं एकही वाक्य नाही. मन नसलेल्या मुलाचं रिपीटचं वर्ष कसं जातं ते मी खूप घरांत पाहिलंय. मार्क थोडे वाढतात आणि मूल वडिलांशी बोलायचं बंद होतं.

मान खाली गेली म्हणता. १९८२ साली युगांतर नावाच्या गटाने, दीपा धनराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तुमच्या निपाणीतल्याच तंबाखू कामगार बायकांना सोबत घेऊन एक लघुपट केला. ‘तंबाकू चाकीला ऊब आली’ हे त्याचं नाव. तो आजही दाखवला जातो, अभ्यासला जातो. त्या बायकांनी कॅमेऱ्यासमोर आपलं काम लपवलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र लेकीलाही सांगायची आहे, सौम्यपणे नाही. आजीचे हात गल्लीभर फिरवण्याआधी आजीला विचारलं होतंस का? विचारलं नसेल तर चूक तुझी आहे. ज्याला चित्रित करतो त्याची परवानगी हा या विषयाचा पहिला धडा आहे, आणि त्यासाठी पुण्याला जावं लागत नाही.

आता शिक्षणाचं. तुम्ही दोघांनीही एकच चुकीची गोष्ट धरून ठेवली आहे, की बारावीनंतर एकतर सायन्स, नाहीतर फिल्म इन्स्टिट्यूट, आणि एक घेतलं की दुसरं गेलं. पुण्याची फिल्म आणि टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट, म्हणजे एफटीआयआय, १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झाली. तिथल्या दिग्दर्शन, संकलन, ध्वनी या मुख्य अभ्यासक्रमांना आधी पदवी लागते, कुठल्याही शाखेची. बारावीच्या मार्कांवर तिथे कोणी घेत नाही, त्यामुळे आज तिला पुण्याला धाडायचं की नाही हा वादच पोकळ आहे. कन्नड दिग्दर्शक गिरीश कासरवळ्ळी बी.फार्म. होऊन तिथे गेले. नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट अहमदनगरच्या कॉलेजात एम.ए. करताना अभ्यासाचा भाग म्हणून केला, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२४ साली कान महोत्सवातल्या विद्यार्थी विभागात पहिला आला तो चिदानंद नाईक यांचा १६ मिनिटांचा लघुपट. नाईक एमबीबीएस झालेले, एफटीआयआयच्या एक वर्षाच्या टीव्ही अभ्यासक्रमाचे विद्यार्थी, आणि पुण्यात शिकून त्यांनी गोष्ट सांगितली ती कन्नडमध्ये, कोंबडा चोरणाऱ्या म्हातारीची. ‘मराठी मीडियमची पोर, कन्नड जेमतेम, इंग्रजी अडखळत, तिचं कसं होणार’ या तुमच्या काळजीचंही उत्तर यात आलं.

केसीईटी, कॉमेडके या कर्नाटकातल्या प्रवेशपरीक्षा, महाराष्ट्रातल्या प्रवेशांमधल्या सीमाभागाच्या जागा, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. त्यावर मी वेळ घालवत नाही.

माझा सल्ला तुमच्या प्रश्नापासून थोडा बाजूला जाणारा आहे. तुमच्या लेकीने ‘दिग्दर्शन’ म्हटलंय, पण तिचे कान तिच्या डोळ्यांच्या पुढे आहेत. कात्री दिसण्याआधी ऐकू येते. गाडी तर दिसतच नाही, नुसती ऐकू येते, आणि सगळी गोष्ट त्या एका आवाजावर उभी आहे. हे तिला कोणी शिकवलेलं नाही. तिने ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचना या शाखेचा गंभीरपणे विचार करावा. एफटीआयआयमध्ये या शाखेला पदवीबरोबर बारावीला भौतिकशास्त्र झालेलं असावं लागतं. म्हणजे जे सायन्स वाया गेलं म्हणून तुम्ही कपाळाला हात लावलाय, तेच इथे कामाला येतं. अर्ज करायच्या वर्षीचं माहितीपत्रक तेवढं नीट वाचा. आताच पदविका हवी असेल तर बंगळूरजवळ हेसरघट्टला सरकारी फिल्म आणि टीव्ही संस्था आहे, तिथे छायालेखनाबरोबर ध्वनीही शिकवतात. मी मात्र निपाणीत किंवा कोल्हापुरात बी.एस्सी.ला घाला म्हणेन, किंवा तिला वाचनाची ओढ असेल तर बी.ए.ला. तीन वर्षांत तिने पाच-सहा लघुपट करावेत, दुसऱ्यांच्या लघुपटांचा आवाज सांभाळावा, कोल्हापूरकडे मालिकांची शूटिंग चालतात तिथे सुट्टीत माइक धरायला उभं राहावं.

पैशाचं खरं सांगतो. लघुपटावर घर चालत नाही. तो आपलं काम दाखवायचा नमुना असतो, पोट भरतं ते मालिका, जाहिराती, माहितीपट यांच्या कामावर. पहिली काही वर्षं ओढाताणीची जातात. म्हणूनच लाखांत फी सांगणाऱ्या खासगी संस्थेला बारावीनंतर लगेच पैसे देऊ नका. द्यायची वेळ आलीच तर चकचकीत स्टुडिओ बघू नका, मागच्या वर्षीच्या मुलांनी केलेले लघुपट दाखवा म्हणा. दाखवायला टाळाटाळ झाली तर उठून या.

लातूरचे पैसे परत मागा, मिळतील तेवढे मिळतील. आईंना विचारा की लघुपट त्यांनी पाहिलाय का. पाहिला नसेल तर तुम्ही शेजारी बसून दाखवा, लेकीवर सोपवू नका.

आणि फोन आजच परत द्या. मूळ फाइल त्यात आहे. व्हॉट्सअॅपवरून फिरलेली प्रत दबलेली असते, चित्रही आणि आवाजही. तुम्ही मला पाठवली तीही तशीच आहे, तिच्यात सुताचा आवाज जवळजवळ गेलाय. मूळ फाइल आधी एका पेनड्राइव्हवर काढून ठेवा, पुढे कुठे दाखवायची झाली तर तीच लागेल.