५ ते ८ युरोची रेड वाइन: चव कशी पारखावी?

तुम्ही विचारलंय की, सुपरमार्केटमधल्या ५ ते ८ युरोच्या रेड वाइनमध्ये 'बरी' आणि 'टाकाऊ' यांतला फरक कसा ओळखायचा. आधी तापमान सांभाळा. स्वस्त रेडवर सर्वांत जास्त अन्याय तिथेच होतो. बाटली २४ अंशांच्या खोलीत ठेवली असेल तर ग्रनाश या द्राक्षाच्या, १४ टक्के अल्कोहोलच्या वाइनमध्ये नाकाला फक्त अल्कोहोल झोंबतं. उघडण्याआधी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा, १६ अंशांच्या आसपास प्या. फार गार केली तर उलट तुरटपणा बोचतो.

पेल्यात ५० मिली पुरे. आधी न हलवता वास घ्या, मग हलवून. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कुबट तळघराचा वास आला आणि फळाचा वास दबलेला वाटला, तर तो बुचाचा दोष. हवा देऊन तो जात नाही. बाटली पावतीसह दुकानात परत न्या. जळक्या काडीचा किंवा सडक्या अंड्याचा वास मात्र जगमध्ये ओतून २० मिनिटं ठेवली की बरेचदा उडतो. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास ठळक असेल तर ती स्वयंपाकातही घालू नका. बुचाला चिकटलेले काचेसारखे खडे निरुपद्रवी असतात, ते टार्टरिक आम्लाचे क्षार.

घोट तोंडात फिरवा. आंबटपणाने लाळ सुटते, टॅनिनने (द्राक्षाच्या सालीतल्या तुरट द्रव्याने) हिरड्या कोरड्या पडतात. या किमतीत दोन्ही थोडे खडबडीत असले तरी चालतं. मला खटकतो तो गोडवा: जॅमसारखी सुरुवात आणि गिळल्यावर मागे काहीच नाही. वाइन गिळल्यावर ५-६ सेकंद तरी चव टिकायला हवी. पहिल्या घोटावर निकाल देऊ नका, जेवणासोबत प्या. उरलेली बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा. तेव्हा सपक झाली तर पुन्हा घेऊ नका.

सुरुवातीला फ्रान्सची कोत द्यू रोन, स्पेनची रिओहा क्रियांसा आणि इटलीची मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो अशा तीन घ्या, लेबल दिसू नये म्हणून कागदात गुंडाळून शेजारी शेजारी चाखा. क्रियांसा किमान दोन वर्षं मुरवलेली असते, त्यातलं किमान एक वर्ष ओकच्या पिंपात, म्हणून व्हॅनिला आणि लाकडाचा वास येतो. मोंतेपुल्चानो दाब्रुत्सोमधलं पहिलं नाव द्राक्षाचं. इटलीच्याच तोस्काना प्रांतातल्या मोंतेपुल्चानो गावची वाइन निराळी, ती मुख्यतः सांजोवेजे द्राक्षाची. बाटलीच्या वजनावर मात्र जाऊ नका, जड काचेचे पैसे तुम्हीच देता.