पाणी वाढवण्याआधी हे वाचा: 'कमी पाण्याची' झाडं एकसारखी नसतात

तुमचा प्रश्न वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. लॅव्हेंडर, घायपात, बोगनवेल, कण्हेर आणि शोभेचं गवत, ही पाचही कमी पाण्याची म्हणून तुम्ही चिकट मातीत एकाच ठिबकवर लावलीत. आता लॅव्हेंडर माना टाकतंय, घायपाताची खालची पानं पिवळी पडून मऊ होतायत आणि पाणी वाढवूनही फरक नाही. वर तुम्ही विचारताय की यातलं सगळ्यात काटक कोणतं.

आधी ठिबक बंद करा. मग लॅव्हेंडरच्या बुंध्याजवळ वीतभर उकरून बघा. माती ओली असेल, मुळं तपकिरी असतील आणि चिमटीत धरल्यावर वरची साल निसटून आत नुसता दोरा उरत असेल, तर ती तहान नाही, मूळकुज आहे. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून झाड वरून तहानलेलंच दिसतं. घायपाताचं तर पानच सांगतं. त्याला पाणी कमी पडलं की पान आक्रसतं, पातळ होतं, कडा आत वळतात. खालून पिवळं आणि लिबलिबीत होणं हे जास्त पाण्याचं लक्षण.

माझ्याकडे हेच झालं होतं. पाणीबचतीची सवलत देणारं एक कार्यालय होतं, नाव सांगत नाही. त्यांच्या मंजूर यादीतलीच झाडं लावायची आणि ठरावीक तारखेच्या आत लावायची, अशी अट. तारीख ऐन उन्हाळ्यातली. माती चिकट आहे, त्यात यातली कुठली चालतील, असं मी विचारलं, तर उत्तर मिळालं, "यादीत आहे ना, मग चालतं." पाहणीला आलेल्या माणसाने रोपं मोजली, फोटो काढले, मातीला हातसुद्धा लावला नाही. झाडं माना टाकायला लागल्यावर फोन केला, तर म्हणाले पाणी कमी पडत असेल, वेळ वाढवा. त्या एका वाक्याने उरलेली झाडंही गेली. वर मेलेल्या झाडांच्या जागी पुन्हा त्याच यादीतली लावा, नाहीतर सवलत परत करा, असं पत्र आलं! रोपांचे पैसे गेले त्याहून जास्त राग याचा येतो, की पाणी वाचवण्यासाठी नेमलेल्या लोकांनी पाणी वाढवायला सांगून झाडं मारायला लावली. तुमच्याकडे कुणी अशी यादी देत असेल, तर मातीबद्दल आणि निचऱ्याबद्दल लेखी विचारा. तोंडी उत्तराला नंतर कुणी धनी नसतो.

असो. मुद्दा हा की कोरडेपणा सोसण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात आणि तुलना त्या तऱ्हांची करायला हवी.

घायपात, कोरफड, निवडुंग पाणी साठवतात आणि पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, रात्री उघडतात, त्यामुळे दिवसाच्या उन्हात फारसं पाणी उडत नाही. त्यांना दोन पाण्यांच्या मध्ये माती पूर्ण सुकलेली लागते. रोज थोडं थोडं ठिबक हा त्यांच्यासाठी सगळ्यात वाईट प्रकार.

लॅव्हेंडर पाणी साठवत नाही. बारीक, राखाडी, लवदार पानांनी ते खर्च कमी करतं. ते मूळचं भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ, चुनखडीच्या उतारांवरचं, जिथे पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. उष्ण हवा आणि ओली माती एकत्र आली की ते संपलं. कॅलिफोर्नियातल्या सियानोथस आणि फ्रेमोंटोडेंड्रॉन या झुडपांचंही तसंच, भर उन्हाळ्यातल्या पाण्याने ती मूळकुजीला बळी पडतात. लॅव्हेंडर हवंच असेल तर तुमची हवा बघून जात निवडा. थंडी कडक आणि हवा कोरडी असेल तर इंग्लिश. दमट उन्हाळा असेल तर दातेरी पानांचं डेंटाटा त्यातल्या त्यात टिकतं.

कण्हेर या सगळ्यांत वेगळी. निसर्गात ती ओढ्यांच्या कोरड्या पात्रांत वाढते, म्हणजे पूरही बघते आणि दुष्काळही. चिकट माती, खारं पाणी, दुर्लक्ष, सगळं ती चालवून घेते. म्हणून तुमच्या पाचांत, तुमच्या मातीसाठी, माझं पहिलं मत कण्हेरीला. पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि विष थेट हृदयावर काम करतं. लहान मुलं किंवा जनावरं मोकळी फिरत असतील तर माझं मत रद्द समजा. छाटलेल्या फांद्या जाळूही नका, धूरही बाधतो.

बोगनवेल दुसरी. मुळं धरल्यावर पाण्याचा थोडा ताण दिला तर उलट जास्त फुलते, भरपूर पाणी आणि नत्र दिलं की नुसती पानं. गोठवणारी थंडी मात्र तिला सोसत नाही.

शोभेच्या गवताची जात तुम्ही लिहिली नाहीत. ते फाउंटन ग्रास म्हणून ओळखलं जाणारं पेनिसेटम सेटॅशियम असेल तर माझं स्पष्ट मत आहे, काढून टाका. ॲरिझोना आणि हवाईमध्ये ते बागेतून रानात पसरलं, आणि वाळलेल्या गवतामुळे तिथे वणवे वाढले. काटक झाडांचा हा दुसरा चेहरा बऱ्याच याद्या सांगत नाहीत. घाणेरी तशीच, वेडी बाभूळ तशीच. ऑस्ट्रेलियात फड्या निवडुंगाने कोट्यवधी एकर जमीन व्यापली होती, शेवटी १९२६ पासून त्याच्यावर जगणारा एक पतंग सोडावा लागला, तेव्हा तो आटोक्यात आला. नवीन झाड आणण्याआधी तुमच्या भागात ते उपद्रवी ठरलंय का, एवढं तरी बघाच.

आता पाण्याचा हिशेब. कॅलिफोर्निया विद्यापीठाची वुकोल्स नावाची वर्गवारी आहे, ती मला सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण एकच झाड वेगवेगळ्या हवामान विभागांत वेगवेगळ्या गटात असू शकतं हे ती मान्य करते. प्रमाणित हिरवळीतून दिवसाला जितकं पाणी उडतं, त्याच्या १० टक्क्यांहून कमी म्हणजे अतिकमी गरज, १० ते ३० टक्के म्हणजे कमी, ४० ते ६० मध्यम, ७० ते ९० जास्त. समजा उन्हाळ्यात तो आकडा दिवसाला ६ मिमी आहे. १ मिमी म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. म्हणजे कमी गटाला रोजचं सरासरी ०.६ ते १.८ लिटर, मध्यम गटाला २.४ ते ३.६. दोघं एका नळीवर असतील तर एक बुडणार किंवा दुसरं सुकणार, मधला मार्गच नाही. म्हणून गट वेगळे, व्हॉल्व्ह वेगळे. आणि हे पाणी रोज देऊ नका, साठवून आठवड्याने किंवा त्याहून उशिरा एकदम खोल द्या. हे आकडे मुळं धरलेल्या झाडांचे आहेत, नव्या रोपांना लावू नका. काटक झाडसुद्धा लावल्या दिवसापासून काटक नसतं. झुडपांना एक-दोन वर्षं, वृक्षांना साधारण तीन वर्षं लक्ष लागतं. त्यातही लहान रोप घ्या. मोठ्या पिशवीतलं, मुळं गोल फिरलेलं रोप नको.

निचऱ्याची परीक्षा सोपी आहे. फूटभर खोल खड्डा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि पातळी किती उतरते ते बघा. तासाला अडीच सेंटीमीटर किंवा जास्त उतरली तर ठीक. एक सेंटीमीटरही उतरली नाही तर लॅव्हेंडर आणि घायपात जमिनीत लावूच नका, वीतभर ते फूटभर उंच उंचवटा करून त्यावर लावा. चिकट मातीत थोडी वाळू मिसळायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. करू नका, ती आणखी घट्ट बसते. इंग्लंडमध्ये एसेक्समधली बेथ चॅटो यांची खडीची बाग बिनपाण्याची म्हणून सगळे दाखवतात. जुन्या वाहनतळाच्या जागी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती केली, नंतर तिला कृत्रिम पाणी दिलेलं नाही, हे खरंच. पण तिथली जमीन मुळातच वाळू-खडीची, आणि लागवडीआधी ती खोल फोडून कंपोस्ट घातलं होतं. चिकट मातीवर नुसती खडी पसरून तसं काही होत नाही. खडी किंवा पालापाचोळा पाच-सात सेंटीमीटर पुरे, तोही खोडाला टेकवायचा नाही.

मी वनस्पतिशास्त्र शिकलेलो नाही, तुमची बाग पाहिलेली नाही. लॅव्हेंडरची मुळं दिसतील असा एक फोटो टाका, खड्ड्यातलं पाणी तासात किती उतरलं तेही लिहा. घायपाताचा गाभा अजून टणक असेल तर तो वाचेल. उपटून कुजका भाग कापा, जखम सुकेपर्यंत सावलीत कोरडा ठेवा, मग उंचवट्यावर लावा आणि पहिले काही दिवस पाण्याचा थेंबही देऊ नका.