गेम खेळणाऱ्यांच्या अनुभवावर पीएचडी करणारे नक्की काय करतात? दिवसभर गेमच खेळतात का?

खेळतातही. स्वतः खेळल्याशिवाय समोरचं पोरगं कशावर चिडलं ते कळत नाही. मी लातूर जिल्ह्यात याच विषयावर काम करतोय, म्हणून थोडं सांगतो.

खेळाकडे गंभीरपणे बघणं जुनं आहे. योहान हाउझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ मध्येच संस्कृतीच्या मुळाशी खेळ असल्याचं मांडलं. (आपल्या वेरूळला तर शिव-पार्वती सारीपाट खेळत बसलेत.) डिजिटल गेमचा वेगळा अभ्यास मात्र साधारण २००१ नंतर आकाराला आला. त्याआधी १९९६ मध्ये रिचर्ड बार्टल या ब्रिटिश गेम-रचनाकाराने खेळाडूंचे चार प्रकार सांगितले होते: टप्पे सर करणारे, जग धुंडाळणारे, गप्पांसाठी येणारे आणि दुसऱ्याला त्रास देण्यात मजा घेणारे. सोपं आहे म्हणून सगळे तेच वापरतात. पण ते निघालं केवळ मजकुरावर चालणाऱ्या ऑनलाइन गेममधून, हे विसरतात.

मला जास्त कामाचं वाटतं ते रायन, रिग्बी आणि प्रिझिबिल्स्की या मानसशास्त्राच्या अभ्यासकांचं २००६ चं संशोधन. माणूस गेमकडे का ओढला जातो? आपल्या मर्जीने काही करता येतं, काहीतरी जमतंय असं वाटतं आणि सोबत कुणीतरी असतं.

हे सगळं मोजायला प्रश्नावल्या असतात. खेळ संपला की खेळाडूने भरायच्या. त्यातली एक फार वापरली जाणारी प्रश्नावली तिच्या दाव्याप्रमाणे वेगवेगळे घटक नीट मोजत नाही, असं २०१८ मध्ये दाखवलं गेलं. तरी ती चालूच आहे.

खरी पंचाईत पुढं आहे. या प्रश्नावल्या एक माणूस, एक यंत्र असं धरून चालतात. आमच्याकडे पारावर एका मोबाईलभोवती चार जण. एकाचा फोन, दुसऱ्याचा नेट, तिसऱ्याचा अंगठा आणि चौथा मागून ओरडतोय, ‘‘अरे डावीकडं, डावीकडं बघ की!’’ त्याला विचारलं तर म्हणतो, ‘‘सर, मी कुठं खेळायलो? मी नुसतं बघायलो.’’ पण गेम हरला की सगळ्यात जास्त तोच हळहळतो. मग अनुभव कुणाचा नोंदवायचा? माझा निम्मा प्रबंध या एका प्रश्नावर अडलाय, आणि मला तो अडलेलाच आवडतो. म्हणून मी आता प्रश्नावली कमी आणि शेजारी बसून ऐकणं जास्त करतो.

पालक मात्र एकच विचारतात: पोराला नाद लागलाय का? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत (१ जानेवारी २०२२ पासून लागू) गेमिंगचा विकार आहे. पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटून अभ्यास, घर, कामधंदा यांचं ठळक नुकसान व्हावं लागतं, तेही साधारण वर्षभर. सुट्टीत रात्री दोनपर्यंत खेळणं म्हणजे विकार नव्हे. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम हा निराळा मामला. त्यावर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदीच आणली. लोक दोन्ही एकाच दावणीला बांधतात.

तुम्हाला स्वतःला करायचं असेल तर वेगळा विभाग शोधत बसू नका. मानसशास्त्र, समाजशास्त्र, जनसंवाद किंवा संगणकशास्त्रातून नोंदणी होऊ शकते. आधी मार्गदर्शकाला भेटा, विषय पटवून द्या आणि मगच पेटचा (पीएचडी प्रवेश परीक्षेचा) अर्ज भरा.